गोगलगाय कोण, पाणमांजर कोण

"मेल्या, माज्याच घोवाचा जाळा गावला तुका?"

मी खाडीच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी होते आणि पाणमांजराला शिव्या देत होते. ते काही फार लांब नव्हतं. गळ्यापर्यंत पाण्याबाहेर आलेलं, दोन्ही पंजांत आमच्या जाळ्यातली बोय मासळी धरलेली, आणि ती डोक्याकडून कुरकुर चावत माझ्याकडे बघत होतं. लग्नात पहिल्या पंगतीला बसलेल्या व्याह्यासारखं.

"तेका शिव्या घालून जाळा शिवून होवचा नाय," वरच्या पायरीवर फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसलेले हे म्हणाले.

"समाजता तेका सगळा. बगा कसा बघता."

"तू वराडतंस म्हणान बघता."

श्रावण संपला होता, परवा गणपती यायचे होते. मधल्या त्या फटीतला मासळी खायचा हा एकच दिवस, त्यामुळं मी विळी घेऊन पायरीवर बसले होते. मुंबईची माणसं सकाळीच येऊन उतरली होती. धाकटा दीर सुहास, त्याची बायको रेवती आणि त्यांची दोन पोरं. घरात बॅगा, चपला, चार्जर, टॉवेल यांचा असा सडा पडला होता की मला माझी चूल शोधायला लागत होती.

"सुहास म्हणत होतो..." हे म्हणाले आणि थांबले. ह्यांची ही सवय. अर्धं वाक्य जाळ्यासारखं टाकायचं आणि माणूस अडकेपर्यंत वाट बघायची.

"काय म्हणत होतो?"

"पुढच्या वर्सापासून तो आपलो गणपती थंय भांडुपाक बसवतलो. वेगळो."

विळीवरचा मासा विळीवरच राहिला.

आमच्या कोकणातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, माडाच्या झावळ्यांवरून कोर्टात जातात, तरी गणपती एक असतो. चतुर्थीला सगळे त्या एका पाटासमोर येतात, आणि ज्यांचं वर्षभर बोलणं नसतं तेसुद्धा एका आरतीत कोकलतात. गणपती वेगळा झाला की मग माणसं वेगळी व्हायला भांडण लागत नाही. आपोआप होतात. एक वर्ष पोरांची परीक्षा, एक वर्ष तिकीट मिळालं नाही, आणि मग फोनवर नमस्कार.

सासूसासरे केव्हाच गेले होते. आम्हा दोघांना मूलबाळ नाही. म्हणजे पुढच्या चतुर्थीला आमच्या घरात गणपती, आरती म्हणायला हे आणि झांज वाजवायला मी.

"तुमी काय म्हटलास?" मी विचारलं.

"म्हटलंय, बरा."

"बरा?"

"मगे काय म्हणू? तेचोपण संसार आसा. मी अडवलंय तर वाटात, मोठो भाव हक्क दाखवता."

"जावंदेत तर!" मी म्हटलं. "माजी पाठ तरी वायच सरळ होयत. पाच दिवस रांधा, वाढा, काढा. हेंची अंथरुणा घाला, हेंचे टॉवेल वाळवा. जावंदेत!"

"हळू गे. घरात आयकाक जाता."

"जावंदे आयकाक!"

पाणमांजरानं बुडी मारली. बहुतेक माझ्या आवाजानं.

हे सुहासच्या डोक्यातलं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. सुहासला स्वतःच्या शर्टाचा रंग ठरवता येत नाही. हे रेवतीचं. ती घरात आली की चार शब्द बोलते, ते पण पुस्तकातल्यासारखे. आल्याआल्या आतल्या खोलीत जाते, दार ओढून घेते. बाहेर येते तेव्हा केस धुतलेले, तुळतुळीत, पाठभर सोडलेले. ओसरीवर उन्हात बसून वाळवते. जेवायला बसली की पहिला तुकडा तिचा, कारण "रेवतीक ताजी मासळी मुंबैत खंय गावता?" असं म्हणून मीच तो तिच्या पानात टाकते आणि मग मीच धुसफुसते. पाच दिवस रहायचं, खायचं, अंग वाळवायचं, काटेकुटे आमच्या दारात टाकून निघून जायचं.

आणि मग मला समोर दिसलं. दिसलं म्हणजे काय, सुचलं. दगडी पायरीच्या कडेला, पाण्याच्या वर बोटभर, एक गोगलगाय चिकटली होती. समुद्राची असते ती बारकी, काळी, चण्याएवढी, शंखाचं घर पाठीवर घेतलेली. भरतीचं पाणी येतं, तिच्या डोक्यावरून जातं, ती हलत नाही. ओहोटीला ऊन तापतं, तेव्हा ती आपलं इवलंसं दार लावून घेते आणि आत उरलेल्या थेंबभर पाण्यावर दिवस काढते. कोणाला तिचा त्रास नाही. कोणाला तिचं कौतुकही नाही.

माझे डोळे भरून आले. म्हटलं, कले, ही तू.

आता माझी एक खोड सांगायला हवी. मी शाळा सातवीपर्यंत केली. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर झालं. जिरं संपलं की कागद वाचायचा. पण फुगड्यांची गाणी मी रचते. आमच्या वाडीत गौरीच्या दिवशी बायका ज्या फुगड्या घालतात त्यातल्या निम्म्या माझ्या. आणि आमच्या वाडीची एक रीत आहे: गौरीची सुपं ओवसून झाली, म्हणजे वाणाची सुपं गौरीला ओवाळून झाली, की पहिली फुगडी घरातल्या दोन जावांची. हात हातात, पाय पायाला, आणि एकीनं एक ओळ टाकायची, दुसरीनं दुसरी. त्यात काय वाट्टेल ते बोललेलं चालतं. सासूला बोला, नवऱ्याला बोला, जावेला बोला. देवासमोरचं म्हणून कोणी रागवायचं नाही.

मासे साफ होईपर्यंत माझी फुगडी तयार होती.

गौरीच्या दिवशी सकाळी आमच्या पडवीत आठदहा बायका पातोळ्या लावायला बसल्या होत्या. हळदीची पानं, तांदळाचं पीठ, गूळखोबरं. मी खोबरं खवता खवता सगळ्यांना फुगडी शिकवली. दोन दोन ओळी म्हणायच्या, मागून त्यांनी धरायच्या.

"गोगलगाय काय म्हणता ता आयका." मी घसा साफ केला. "बारकी मी गं बारकी मी, धोंड्याला चिकटून राहते मी. पाठीवर घर नि घराला दार, घोटभर पाण्यात दिस काढते मी."

"वा गे कले!" शेजारच्या तारामतीकाकी म्हणाल्या. वाडीतल्या फुगड्यांच्या ह्या मुकादम. वय झालं, गुडघे गेले, पण तोंडानं फुगडी घालतात. "आणि दुसरी?"

"दुसरा पाणमांजर. मोठी मी गं मोठी मी, खाडीभर उंडारते मी. ताजी ताजी मासळी खाऊन, काटे दारात टाकते मी."

बायका हसल्या. मी आणखी पेटले.

"शीळ घालते, सारी जमवते, घरभर पाणी सांडते मी. कोणाचं जाळं, कोणाची बोय, विचारत कोणाला नसते मी!"

आता तर पातोळ्या बाजूला राहिल्या आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. मी हळूच आत बघितलं. रेवती चुलीपाशी पातोळ्यांचं मोदकपात्र उतरवत होती. तिच्या पाठीनं काही सांगितलं नाही.

"एक ओळ थोरल्या जावेची, एक धाकट्या जावेची," मी डोळे मिचकावून म्हटलं. "कोणती कोणाची ता काय मी सांगूचंय नाय. आपसूक कळात."

"कळला, कळला!" सगळ्या एकदम ओरडल्या.

"समाजला मां नीट?"

"आंधळ्याक समाजात," तारामतीकाकी म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मला काय वाटलं असेल ते बघा. मला वाटलं, सगळी वाडी माझ्या बाजूची आहे. इतकी वर्षं जे सोसलं ते कोणीतरी बघत होतं. खोबरं खवता खवता मला स्वतःची अशी दया आली की एका नारळाची करवंटीसुद्धा मी खवून ठेवली.

दुपारी सुपं ओवसून झाली. ओसरी भरली. पुरुष अंगणात विड्या ओढत होते, पण कान आत. तारामतीकाकींनी पाट मागे सरकवला आणि टाळी दिली.

"चला, जावांनो! पदर खोचा!"

मी पदर खोचला. समोर रेवती येऊन उभी राहिली. हिरवी साडी, हात बारीक. तिनं माझे हात धरले तेव्हा बघितलं, तिची दोन मनगटं माझ्या एका मनगटात मावली असती. आम्ही पाय जुळवले, मागे झुकलो. एक गिरकी, दुसरी गिरकी. मी श्वास घेतला. पहिली ओळ थोरलीची.

"बारकी मी गं बारकी मी," रेवती म्हणाली.

मला वाटलं ती चुकली. शहरातली, तिला काय कळणार. मी तिला सावरायला मोठ्यानं ओरडले, "बारकी मी गं!"

आणि ओसरी फुटली.

ते हसणं मला अजून ऐकू येतं. तारामतीकाकी भिंतीला टेकून खाली घसरल्या. अंगणातले पुरुष दारात आले. सुहासनं तोंडाला टॉवेल लावला होता. आमचे हे, जे वर्षातून दोनदा हसतात, त्यांनी त्यातलं एक तिथं खर्च केलं. "बारकी गे बारकी!" कोणीतरी ओरडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गिरकीबरोबर माझं जे सगळं गोल फिरत होतं ते काही बारकं नव्हतं. आरशासमोर मी कधी पूर्ण उभी राहिलेच नव्हते. आमच्याकडचा आरसा तोंडापुरता आहे.

"तुजी ओळ म्हण गे, पाणमांजरा!" तारामतीकाकी खालून ओरडल्या.

हात सोडायची सोय नव्हती. फुगडीत हात सोडला की दोघी पडतात. रेवती माझ्याकडे बघत होती, हसत नव्हती, तोंड लाल झालेलं. "धोंड्याला चिकटून राहते मी," ती म्हणाली आणि थांबली. ओळ माझ्याकडे आली.

काय करणार?

"मोठी मी गं मोठी मी," मी म्हटलं.

स्वतः रचलेल्या शिव्या स्वतःलाच देण्याचा प्रसंग देवानं वैऱ्यावर आणू नये. शब्द इतके नेमके बसवले होते मी! खाडीभर उंडारते: कालच मी पलीकडच्या वाडीत कोणाच्या तरी बारशाला न बोलावता गेले होते. ताजी मासळी: बोयीचं डोकं मी कोणाला देत नाही, आणि कोणी मागतही नाही. घरभर पाणी सांडते, कोणाला विचारत नसते. एकेक ओळ म्हणत गेले आणि बायका एकेका ओळीला माना डोलावत गेल्या. कोणाचंही एकदाही चुकून रेवतीकडे बघणं झालं नाही.

रेवतीची शेवटची ओळ राहिली होती. "पाठीवर घर नि घराला दार," तिनं म्हटलं. "घोटभर पाण्यात..."

तिथं तिचा आवाज गेला. ओसरीवर बायका अजून हसत होत्या, त्यांना वाटलं दम लागला. मला तिच्या हातात कळलं. बोटं थंड पडली होती.

"दिस काढते मी," मीच म्हणून टाकलं, आणि गिरकी हळू करत करत थांबवली.

मागीलदारी हात धुवायच्या दगडापाशी ती उभी होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. मनात म्हटलं, आता ही मला विचारणार, ताई, हे तुम्ही माझ्यावर रचलं होतं ना? आणि मी काय उत्तर द्यायचं ते जुळवत होते.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"घोटभर पाणी." तिनं पदरानं नाक पुसलं. "भांडुपला आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. हे सकाळी सातला जातात, पोरं शाळेत. मी दार लावते. दार उघडं ठेवलं तर शेजारची म्हणते, काय हो, काही झालं का? पाणी पाऊण तास येतं. भरून ठेवायचं आणि दार लावून बसायचं. कधी कधी संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघालेला नसतो. मग इथं आलं ना, की बोलताच येत नाही पटकन. तोंडाला गंज चढल्यासारखं होतं. म्हणून आत जाऊन बसते. मला वाटायचं, तुम्हाला वाटत असेल हिला गर्व आहे."

मी तांब्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

"आणि तुम्ही सगळं ओळखलंत," ती म्हणाली. "मी कधी काही न सांगता. मी म्हटलं, ह्या एवढ्या मोठ्यानं हसतात, सगळ्या गावात फिरतात, ह्यांना माझं काय दिसणार. पण तुम्ही बघत होतात."

माझं कौतुक होत होतं, आणि ते मी केलेल्या टवाळीसाठी होत होतं. अशा वेळी सज्जन माणूस खरं सांगतो. मी म्हटलं, "होय गे बाय, दिसता माका."

मग जरा धीर करून विचारलं, "मगे गणपती कित्याक वेगळो करतास?"

तिनं मान खाली घातली. "ते मीच म्हटलं ह्यांना."

"कित्याक पण?"

"गेल्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी मी आतल्या खोलीत बॅग भरत होते. तुम्ही ओसरीवर तारामतीकाकींना सांगत होतात. 'ही माणसा गेली काय मी चार दिवस नुसती झोपतंय,' म्हणालात. आम्ही येतो म्हणजे तुमच्यावर किती पडतं ते मला दिसतं ना. तुम्ही मला काही करू देत नाही. मी भांडं उचललं की तुम्ही हातातून काढून घेता. मला वाटलं, आम्ही नाही आलो तर तुमची पाठ तरी सरळ होईल."

पाठ सरळ. शब्दसुद्धा माझेच. ह्यांच्याशी पायरीवर बोललेले नक्की आत पोचले होते. माझं कुजबुजणंसुद्धा पलीकडच्या काठाला ऐकू जातं, मग ते तर कुजबुजणं नव्हतंच.

मी म्हणायला हवं होतं, अगं वेडे, झोपते ती काही दमून नाही. पण ते पुढचं वाक्य तोंडात येईना. नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, तर हिला काय सांगू? मी म्हटलं, "पातोळी खाल्लंस काय?" आणि आत गेले.

पडवीत तारामतीकाकी गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या.

"काकी, खरा सांगा. तुमका पयल्यापासून पाणमांजर मीच वाटलंय?"

"दुसरा कोण? तू ह्या काठार हसलंस काय त्या काठाचे बगळे उडतत."

"आणि आमची रेवती तुळतुळीत केस सोडून बसता ती?"

"तेच्यान काय होता? पाणमांजर कधी एकटा बघितलंस? गोतावळो लागता तेका. एकटा पडला तर शीळ घालून घालून जीव जायत तेचो." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "सुहास वेगळो होता मां? मगे तुजा काय होतला ता देवाक ठावक."

संध्याकाळी मी ह्यांना माडाखाली गाठलं. म्हटलं, सुहासला सांगा, वेगळं नको. हे म्हणाले, "तेणा तोंडान सांगल्यान, मी तोंडान बरा म्हटलंय. आता मी फिरलंय तर तो म्हणतलो, दादाक माजा बरा बघवना नाय." मग मी सुहासला गाठलं. तो म्हणाला, "वयनी, दादा लगेच बरा म्हणालो. म्हणजे तेकापण आमचो भारच होतो मां?" दोघं भाऊ एकमेकांचं मन जपत जपत घर मोडायला निघाले होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर जेवण न पचल्यासारखं. रेवती म्हणाली, आता पुरुषांनी ठरवलं. पुरुष म्हणाले, बायकांना हवं होतं. उद्या दुपारी गौरी-गणपती जायचे, आणि निघण्याआधी गाऱ्हाणं.

गाऱ्हाणं म्हणजे घरातला मोठा माणूस हातात नारळ घेऊन देवाला सगळ्यांच्या वतीनं सांगतो, आणि प्रत्येक बोलण्यापाठी बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात. एकदा गाऱ्हाण्यात घातलं आणि सगळ्यांनी व्हय म्हटलं की ते ठरलं. मग ते मोडायला कोणी धजत नाही. गणपती वेगळा करायचा तर तोही असाच करायचा, देवाला सांगून.

दुसऱ्या दिवशी आरती झाली. ओसरीत आम्ही, शेजारीपाजारी, मुलं, सगळे हात जोडून. हे पुढं उभे राहिले. नारळ दोन्ही हातांत धरला. ह्यांचा आवाज तसा लहान, पण गाऱ्हाण्याला कुठून तरी मोठा होतो.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज पाच दिवस तुजी जी काय वेडीवाकडी सेवा झाली, ती गोड मानून घे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्या घरातल्या लहानथोरांका, दारातल्या गुराढोरांका, शेजाऱ्यापाजाऱ्यांका सुखात ठेव महाराजा!"

"व्हय महाराजा!"

हे थांबले. नारळ जरा खाली आला. माझ्या शेजारी रेवती उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. सुहास जमिनीकडे बघत होता.

"आणि माजो धाकटो भाव सुहास, तेणी पुढच्या वर्सापासून तुका आपल्या भांडुपच्या घराक वेगळो बसवचो ठरवल्यान हा. ता मान्य करून घे... महाराजा."

"नाय महाराजा!"

आवाज कोणाचा ते बघायला मीसुद्धा मान वळवली असती, पण तो माझाच होता.

ओसरीत असं काही कधी झालंच नव्हतं. गाऱ्हाण्यात व्हय म्हणायचं असतं. नाय म्हणायची जागाच ठेवलेली नाही. झांज धरलेल्या माणसाच्या हातातून झांज निसटली आणि फिरत फिरत जाऊन दाराला लागली. हे नारळ घेऊन तसेच वळले.

"काय म्हटलंस?"

"नाय म्हटलंय."

"गाऱ्हाण्यात नाय म्हणत नाय गे."

"माका ठावक आसा. पण तुमी माज्या वतीन देवाक खोटा सांगतास, म्हणान बोलतंय." मी ह्यांच्याकडे बघत नव्हते. गणपतीकडे बघत होते. माणसाशी बोलायला जे जमलं नव्हतं ते देवाशी बोलायला सोपं गेलं, एवढंच. "महाराजा, ही माणसा गेली काय मी चार दिवस झोपतंय, ता खरा. पण दमलंय म्हणान नाय. उठान ह्या घरात बघू कोणाक? पाचव्या दिवशी भूक लागता म्हणान उठतंय. हेंची अंथरुणा मी महिनाभर गुंडाळणंय नाय. कुरकुर करतंय, व्हय. माका दुसऱ्या भाषेत बोलूक येणा नाय. पण हेंका वेगळे करू नको महाराजा."

कोणी व्हय म्हटलं नाही. मग माझ्या शेजारून एक बारीक आवाज आला, शहरी, पण त्यातले शब्द आमच्याकडचे. "व्हय महाराजा," रेवती म्हणाली.

हे अजून नारळ घेऊन उभेच. "आता काय करू?" त्यांनी सुहासला विचारलं. खरोखरच विचारलं, लहान मुलासारखं.

सुहासनं डोळे पुसले. "दादा, वयनी म्हणता ता सांग आणि नारळ फोड. देवाक कितक्या वेळ उभो ठेवतलंस?"

"तुका चलात?"

"माका खंय व्हया होता? माका वाटला तुका व्हया."

"माका वाटला तुका!"

"फोड रे मेल्या आता!" मागून तारामतीकाकी ओरडल्या. "माजे गुडघे गेले!"

हे परत देवाकडे वळले. नारळ कपाळाला लावला. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती हलत होती. मग घसा साफ केला.

"बा देवा महाराजा! आताच जा काय बोललंय, ता मागे घेतंय महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"पुढच्या वर्सापण ह्या सगळ्यांका ह्याच पाटासमोर आणून उभे कर महाराजा!"

"व्हय महाराजा!" कौलं हलली असतील.

"आणि ह्या माज्या बायलेक, पुढच्या खेपेक तरी, माजा गाऱ्हाणा संपासर गप रवाची बुद्धी दी महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यात मोठ्यानं रेवती.

मीही म्हटलं. देवासमोर खोटं बोलू नये, पण सगळे एवढ्या मनापासून म्हणत होते, तर मी एकटीनं वेगळं कशाला राहायचं?